गोल बैठक की शंकू: ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीच्या चाकाचे बोल्ट

चाकणच्या कारखान्यात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो २०१० ते २०२२ या काळात भारतात विकली गेली. २०१० सालीच पोलो कप या शर्यतमालिकेच्या निमित्ताने ती शर्यतीतही उतरली. आजही हौशी मंडळी ही गाडी घेऊन चेन्नईजवळच्या किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर जातात, आणि जायच्या आधी बरेच जण पहिलं काम करतात ते चाकं बदलण्याचं. मूळ चाकांऐवजी हलकी अलॉय व्हील्स, त्यावर चांगली पकड असलेले टायर. खर्चाच्या मानाने फायदा मोठा, त्यामुळे निर्णय योग्यच आहे. गडबड होते ती बोल्टांशी.

पोलोचा मूळ बोल्ट आणि बाहेरच्या अलॉय व्हीलसाठी मिळणारा बोल्ट शेजारी ठेवा. दोन्ही १४ मिलिमीटर जाडीचे, दोन्हींच्या आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिलिमीटर, दोन्हींना बहुधा १७ चाच पाना लागतो. हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागात, दोन्ही सारख्याच सहजतेने फिरत जातात. फरक आहे तो डोक्याच्या खालच्या भागात, जिथे बोल्ट चाकाला टेकतो तिथे. या भागाला आपण बैठक म्हणू. मूळ बोल्टाची बैठक गोल असते, १३ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळ्याचा कापलेला भाग असावा तशी. बाहेरच्या बहुतेक चाकांची भोकं मात्र ६० अंशांच्या सरळ शंकूसाठी घडवलेली असतात, कारण तेच चाक अनेक कंपन्यांच्या गाड्यांना विकायचं असतं आणि शंकू हा सर्वांत जास्त चालणारा आकार आहे.

गोल बैठकीचा बोल्ट शंकूच्या भोकात घातला तर तो बसतो. आवळला तर आवळलाही जातो. ठरावीक जोर झाला की वाजणारा टॉर्क पाना १२० न्यूटन-मीटरवर लावून ठेवला असेल, तर नेमका तिथे टक् वाजतो. म्हणूनच ही चूक घातक आहे: ती करताना हाताला काहीच वेगळं जाणवत नाही.

चाक गाडीला धरून ठेवतो कोण, हे आधी लक्षात घ्यायला हवं. बोल्टांवर चाक टांगलेलं नसतं. आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाक हबच्या सपाट तोंडावर दाबलं जातं. त्या दाबातून जे घर्षण तयार होतं, त्याच्यावर ब्रेकचा आणि वळणाचा सगळा भार जातो. ताण कमी झाला की चाक हबवर सूक्ष्म सरकायला लागतं, बोल्टाला प्रत्येक फेरीत वाक मिळतो आणि धातू थकून तुटतो.

आता टॉर्क पाना काय मोजतो ते पाहा. तो ताण मोजत नाही, फिरवायला लागलेला जोर मोजतो. त्या जोरातला साधारण ९० टक्के हिस्सा आट्यांमधल्या आणि बैठकीखालच्या घर्षणातच खर्च होतो. ताणासाठी उरतो जेमतेम १० टक्के. बैठक चुकीची असेल तर हे सगळं गणित हलतं. गोळा शंकूला एका बारीक वर्तुळावरच टेकतो, आणि उलट शंकूचा बोल्ट गोल भोकात घातला तर तो भोकाच्या काठावर अडतो. दोन्ही वेळा रुंद पट्ट्याऐवजी एक रेघ सगळा दाब सोसते.

रोजच्या रस्त्यावर अशी जोडी काही काळ निभावून जाऊ शकते, ट्रॅकवर तिचं पितळ लवकर उघडं पडतं. जोरात ब्रेक मारत फेऱ्या काढल्या की ब्रेकची डिस्क काही शे अंशांवर जाते आणि ती उष्णता हबमधून चाकात उतरते. अलॉय चाकाचं ॲल्युमिनियम बोल्टाच्या पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे तापलेलं चाक बोल्टाला आणखी ताणतं. बैठक पूर्ण टेकलेली असेल तर हा वाढीव दाब ती सहज पेलते. टेकायला नुसती रेघ असेल तर तिथलं ॲल्युमिनियम चेपतं. गाडी पिटमध्ये येऊन थंड झाली की चेपलेलं तसंच राहतं आणि बोल्टाचा ताण उतरलेला असतो.

ओळखायचं कसं? बोल्ट उजेडासमोर धरून बैठकीच्या उतारावर स्टीलची पट्टी टेकवा. पट्टी पूर्ण चिकटली तर शंकू. मध्ये टेकून दोन्ही टोकांना उजेड दिसला तर गोल. चाकाच्या भोकासाठी मार्कर वापरा. बैठकीला शाई फासा, ती पूर्ण वाळू द्या, बोल्ट हाताने बसवून पान्याने हलका आवळा आणि काढून बघा. शाई रुंद पट्ट्यात खरवडली गेली असेल तर जोडी बरोबर आहे. बारीक कडं उमटलं असेल तर तो बोल्ट त्या चाकाला लावू नका, दुकानदार काहीही म्हणो.

होंडाच्या गाड्यांतही हाच घोळ होतो. तिथे बोल्टाऐवजी स्टड (हबमधून बाहेर आलेले आटेदार दांडे) आणि नट असतात, १२ मिलिमीटर आणि १.५ पिचचे, आणि कंपनीच्या नटाची बैठक गोल असते. मारुती स्विफ्टचे नट शंकूचेच, त्यामुळे बैठकीचा प्रश्न क्वचित येतो. पण तिचा पिच १.२५ आहे. १.५ चा नट पहिला आटा धरतो आणि मग अडतो. तिथे इम्पॅक्ट गन (नट झटक्यांनी आवळणारं यंत्र) चालवली की स्टडचे आटे गेलेच. म्हणून पहिले काही आटे हातानेच फिरवावेत, कितीही घाई असली तरी.

मधल्या भोकात बसवायच्या रिंगबद्दलही गैरसमज आहे. पोलोच्या हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर, बाहेरच्या चाकाचं मधलं भोक बऱ्याचदा ७३.१. रिंग हे अंतर भरून चाक मध्यावर आणते, थरथर टाळते. भार ती घेत नाही आणि चुकीची बैठकही सांभाळून घेत नाही. ट्रॅकसाठी ॲल्युमिनियमची घ्यावी, प्लास्टिकची उष्णतेने मऊ पडते.

बोल्टाची लांबी नव्या चाकाच्या जाडीप्रमाणे ठरते, त्यामुळे सुटे बोल्ट अंदाजाने घेऊ नयेत. आट्यांची पकड किमान बोल्टाच्या जाडीइतकी हवी. पोलोच्या बोल्टाला ती साधारण साडेनऊ फेऱ्यांत मिळते, होंडाच्या स्टडला आठ फेऱ्यांत. बोल्ट फार लांब झाला तर तो हबच्या पलीकडे निघून आतल्या भागांना घासू शकतो, म्हणून चाक बसवल्यावर ते आधी हाताने फिरवून आवाज ऐकावा. आटे कोरडे ठेवावेत. तेल लावलं तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. पहिल्या सत्रानंतर चाकं थंड झाली की टॉर्क पुन्हा तपासावा.

आणि घरून निघताना पाच मूळ बोल्ट एका पिशवीत घालून स्टेपनीजवळ ठेवावेत. पोलोची लोखंडी स्टेपनी गोल बैठकीचीच असते. परतीच्या हायवेवर पंक्चर झालं, तर नव्या चाकांचे शंकूचे बोल्ट तिला चालणार नाहीत.