हातचं राखलेला 0.9 आणि पन्हळीतला 0.6

घरात दोन प्लास्टिकच्या फुटपट्ट्या असतील तर एकावर एक ठेवून वाकवून बघा. टोकाशी नीट बघितलं तर वरची पट्टी खालचीवरून सरकलेली दिसते. आता त्याच दोन पट्ट्या फेविक्विकने पक्क्या चिकटवा आणि परत वाकवा, आता जोर लावावा लागतो, कारण न चिकटवलेल्या जोडीपेक्षा ही जोडी चौपट कडक झालेली असते. माल तेवढाच, फक्त सरकणं थांबलं.

स्टीलच्या बिल्डिंगमधे कंपोझिट बीम म्हणतात ते हेच. खाली लोखंडी बीम, वर काँक्रीटचा स्लॅब, आणि फेविक्विकच्या जागी स्टड, म्हणजे डोकं असलेला, अंगठ्याएवढा जाड, साधारण 19 मिमी व्यासाचा खिळा, जो स्टड गनने बीमच्या डोक्यावर वेल्ड करतात. वेल्ड शंकास्पद वाटला तर इन्स्पेक्टर हातोड्याने तो 15 अंश वाकवायला लावतो, तुटला नाही तर पास.

आता सॉफ्टवेअरकडे येते. अमेरिकन कोडने (एआयएससी 360, म्हणजे स्टीलच्या बिल्डिंगांसाठीची तिथली नियमावली) असा बीम डिझाइन केला की रिपोर्टमधे 0.9, 0.75, 0.6, 0.85 असे आकडे दिसतात, आणि नवीन इंजिनियरला वाटतं की हे सगळे सेफ्टीसाठी कापलेले पैसे आहेत, टीडीएससारखे. तसं नाहीये, आणि हा फरक कळणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

0.9 आहे तो फाय फॅक्टर. हे खरोखर हातचं राखणं आहे. स्टील कधी थोडं कमी ताकदीचं निघतं, मापं इकडे तिकडे होतात, आपली गणितं थोडी ढोबळ असतात, म्हणून बीमची जेवढी ताकद निघाली तिच्यातली 90 टक्केच वापरायची.

0.75 आणि 0.6 मात्र हातचं राखणं नाही. ती स्टडची खरी वागणूक आहे. स्लॅबखाली जी डेक शीट असते तिला पत्र्याच्या छपरासारख्या पन्हळी असतात आणि स्टड त्या पन्हळीत बसतो. पन्हळीच्या मधोमध बहुतेक वेळा एक उंचवटा असतो, शीट कडक राहावी म्हणून, त्यामुळे स्टड मधोमध बसतच नाही, डावीकडे किंवा उजवीकडे सरकवावा लागतो. लोड आला की स्टड समोरच्या काँक्रीटला बीमच्या मध्याच्या दिशेने ढकलतो. समोर काँक्रीट भरपूर असेल, म्हणजे पन्हळीच्या निम्म्या उंचीवर स्टड आणि शीटची भिंत यांच्यात निदान 2 इंच असतील, तर स्टडच्या ताकदीला 0.75 ने गुणायचं. त्याहून कमी असेल तर मधला काँक्रीटचा पातळ तुकडा फुटतो, शीटची भिंत बाहेर फुगते आणि आकडा 0.6 वर येतो. एकाच पन्हळीत दोन स्टड दाटीवाटीने लावले तर वर आणखी 0.85 ने गुणायचं, तीन किंवा जास्त असतील तर 0.7 ने.

आकड्यात सांगायचं तर असा एक स्टड 450 मेगापास्कल ताकदीच्या (दर चौरस मिमीला 450 न्यूटन) स्टीलचा असेल तर तुटताना साधारण 128 किलोन्यूटन घेतो, म्हणजे 13 टन. 0.75 लावला की 96, 0.6 लावला की 77, आणि पन्हळीत दोन असतील तर प्रत्येकी 65 च उरतात.

हे सुरुवातीपासून माहीत नव्हतं. 1977 च्या लीहाय युनिव्हर्सिटीतल्या संशोधनातून आलेलं सूत्र अमेरिकेत अनेक वर्षं वापरात होतं, आणि त्यात स्टड कुठल्या बाजूला बसलाय हा प्रश्नच नव्हता. 1993 मधे व्हर्जिनिया टेक या अमेरिकन विद्यापीठाच्या लोकांनी चाचण्या छापल्या, त्यात बाजूमुळे किती फरक पडतो ते स्पष्ट दिसलं, आणि 2005 च्या कोडमधे हे नवे फॅक्टर आले.

मग त्याआधीच्या बिल्डिंगांचं काय, असं मलाही वाटलं होतं, म्हणून एक बीम हाताने सोडवून बघितला. डब्ल्यू 16 बाय 31 (साधारण 16 इंच उंचीचा अमेरिकन लोखंडी बीम), डेकसकट 140 मिमी स्लॅब, सपोर्टपासून बीमच्या मध्यापर्यंत 15 स्टड. नुसत्या बीमची ताकद 305 किलोन्यूटन-मीटर. 0.75 धरून कंपोझिट केला तर 590, जवळपास दुप्पट! 0.6 धरला तर 555. म्हणजे स्टड 20 टक्क्यांनी कमजोर झाले पण बीम फक्त 6 टक्क्यांनी, कारण लोखंडाचा वाटा जागच्या जागी राहतो. हे गणित संपलं तेव्हा खूप हायसं वाटलं.

आपल्याकडून अमेरिकेची कामं करताना एक घोळ हमखास होतो, माझ्याकडूनही झालाय. भारतीय कोडमधे आणि युरोकोडमधे स्टडची ताकद स्वतंत्रपणे 1.25 ने भागतात. अमेरिकन कोडमधे बीमच्या स्टडला वेगळा सेफ्टी फॅक्टर नाही, पूर्ण बीमवरचा 0.9 च तेही काम करतो. मी पुण्यातल्या ऑफिसात नवीन होते, सवयीने स्टडच्या स्टीलच्या 450 ला 1.25 ने भागून 360 टाकले आणि सॉफ्टवेअरने निमूटपणे ते घेतले. मजल्यावरचे स्टड जवळपास पाव पटीने वाढले. सरांनी ड्रॉइंग बघून एवढंच विचारलं, "अगं, हातचं किती वेळा राखशील?" तेव्हापासून सॉफ्टवेअर बदललं की मी आधी एक छोटा बीम हाताने सोडवते, त्यातला कुठला आकडा कोण कापतंय ते कळेपर्यंत पुढे जात नाही.

राहिला प्रश्न सॉफ्टवेअरमधे 0.75 निवडायचा की 0.6. मी 0.6 च ठेवते. कारण साइटवर स्टड मारणारा माणूस बीमच्या एका टोकापासून निघतो आणि प्रत्येक पन्हळीत उंचवट्याच्या त्याच बाजूला स्टड मारत जातो, त्याच्या दृष्टीने काम एकसारखं आणि व्यवस्थित चाललेलं असतं. पण स्टडचा जोर दोन्हीकडून बीमच्या मध्याकडे असतो, त्यामुळे चांगली बाजू म्हणजे जवळच्या सपोर्टकडची, आणि बीमचा मध्य ओलांडला की तीच बाजू वाईट होते. एका ओळीत, सरळ, नीट मारलेल्या स्टडपैकी निम्मे कमजोर जागी बसलेले असतात आणि वरून बघून ते सहज ओळखू येत नाही.