पार्श्वभूमी : ‘कमवा आणि शिका’तले काम अनुभव म्हणून का मोजले जात नाही?

विद्यापीठांच्या आवारात काम करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी नेतृत्वविकासाची शिबिरे, मुलाखतीची तयारी, बायोडेटा लिहिण्याच्या कार्यशाळा असे कार्यक्रम आता वाढू लागले आहेत. त्यांतले बरेचसे एका दिवसात उरकतात. सकाळी उद्घाटन, मग व्याख्यान, जेवण आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. समोर बसलेल्यांत एखादी मुलगी अशी असते की तिने दोन वर्षे ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव सांभाळलेली असते, नव्याने आलेल्या मुलांना काम शिकवलेले असते, परीक्षेच्या हंगामात अभ्यासिकेतल्या जागांवरून होणारी भांडणे मिटवलेली असतात. त्या दोन वर्षांबद्दल तिला कागदावर काहीही मिळत नाही आणि शिबिराच्या एका दिवसाचे मात्र प्रमाणपत्र मिळते. हे कसे घडले, हे कळायला ‘कमवा आणि शिका’ ही काम करून शिक्षणाचा खर्च भागवण्याची योजना कोणकोणत्या हातांतून गेली ते पाहावे लागते.

साताऱ्याचा आरंभ सर्वांना ठाऊक आहे. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांचे वसतिगृह साताऱ्यात आले, २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहूंचे नाव मिळाले. इथे त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे. दळण, पाणी, स्वयंपाक, साफसफाई ही कामे सगळ्या जातींच्या मुलांनी मिळून करायची होती. अशा घरात पाळ्या कुणीतरी लावाव्या लागतात, कोठीवर नजर ठेवावी लागते, कामचुकार सोबत्याला समज द्यावी लागते. थोरली मुले ही जबाबदारी पेलत मोठी झाली. त्या काळी याला कुणी नेतृत्वविकास म्हटले नाही, पण पुढे गावोगावी शाळा उभ्या करणारी माणसे याच तालमीतून आली. श्रम हीच तिथे फी होती. तासांचा हिशेब नव्हता आणि कामापासून वेगळे काढलेले ‘प्रशिक्षण’ही नव्हते.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नयी तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची गांधीजींची कल्पना, मांडली गेली, तेव्हा याच प्रश्नावर देशभर वाद झाला. मुलांच्या हातच्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते की अशाने शाळेचा कारखाना होईल. ती भीती अगदीच निराधार नव्हती. काम आणि शिक्षण एकत्र आणले की काम कुणाच्या फायद्याचे आणि त्यातून शिकणे किती, हा प्रश्न उभा राहतोच. साताऱ्यात १९४० साली हायस्कूल आणि १९४७ साली महाविद्यालय याच तत्त्वावर निघाले, आणि तिथे या प्रश्नाचे उत्तर कर्मवीरांच्या स्वतःच्या उपस्थितीने दिले जात होते. मुलगा शेतात राबतो तो कशासाठी, याबद्दल कुणाला शंका नसे. १९५९ साली ते गेले. त्यानंतर योजना माणसावरून नियमांवर आली.

नियमांचे दोन नमुने तयार झाले. कोल्हापूरचे विद्यापीठ १९६२ साली उभे राहिले आणि तिथल्या विद्यार्थी भवनाने निवास आणि काम यांचा जुना सांधा राखला. मुलगा तिथेच राहतो, तिथेच काम करतो, सोबतच्यांबरोबर जेवतो. पुण्याकडे मात्र तासांवर चालणारी पद्धत रुजली. महाविद्यालयातल्या किंवा विद्यापीठाच्या एखाद्या विभागात दिवसाला ठरावीक तास काम, हजेरीपत्रकावर सही, महिन्याअखेर मानधन. हजारो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचायचे तर हीच पद्धत चालणार होती, आणि ती पोहोचलीही. दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या कितीतरी मुलामुलींचे मेसचे पैसे याच तासांतून भागले. सोबत राहण्यातून येणारी जबाबदारी मात्र या पद्धतीत गळाली. ग्रंथालयात काम करणारा आणि रोपवाटिकेत काम करणारा एकमेकांना ओळखतही नाहीत.

याच सुमारास दुसऱ्या एका योजनेने नेतृत्वाचे नाव आपल्याकडे घेतले. १९६४ ते ६६ या काळात बसलेल्या राष्ट्रीय शिक्षण आयोगाने कार्यानुभव आणि समाजसेवा हे दोन्ही शिक्षणाचे भाग असावेत असे सुचवले. कार्यानुभव शाळेच्या वेळापत्रकातल्या एका तासापुरता उरला. समाजसेवेतून १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना उभी राहिली, सुरुवातीला ३७ विद्यापीठांत. दोन वर्षांत २४० तास, विशेष शिबिर, गटप्रमुख, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरचे पुरस्कार अशी तिची घडी बसली. व्यक्तिमत्त्व विकास हे तिचे घोषित उद्दिष्टच होते. काही विद्यापीठांनी तिला, एनसीसीला आणि खेळांना वाढीव गुणही देऊ केले. म्हणजे गावात जाऊन झाडे लावणारा विद्यार्थी नेतृत्व शिकतो असे कागदावर ठरले, आणि विद्यापीठाच्या आवारातली झाडे जगवणारा विद्यार्थी आर्थिक मदत घेतो असे ठरले. दुसऱ्याला पैसे मिळतात एवढाच काय तो फरक. गरीब विद्यार्थ्याच्या कष्टाकडे पाहण्याची ही नजर अन्यायाची होती आणि ती पुढची पन्नास वर्षे टिकली.

कायद्यानेही तिला घट्ट केले. १९९४च्या विद्यापीठ कायद्याखाली हा कारभार विद्यार्थी कल्याण मंडळाकडे होता. निवडीसाठी उत्पन्नाचा दाखला पाहायचा, कामाचे तास मोजायचे, अनुदानाचा हिशेब द्यायचा. विद्यार्थ्याला काय येते, त्याला काय शिकायचे आहे, हे विचारणारा रकाना अर्जात असायची गरजच कुणाला वाटली नाही. २०१६चा नवा कायदा १ मार्च २०१७पासून लागू झाला आणि मंडळ ‘विद्यार्थी विकास’ मंडळ झाले. अधिकाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या बदलल्या. हजेरीपत्रकाचा नमुना फारसा बदलला नाही.

कामाचे स्वरूप मात्र हळूहळू बदलत होते. बाग, मैदान, स्वच्छता यांच्या जोडीला कार्यालयीन आणि तांत्रिक कामे आली. डेटा एंट्री, प्रवेशाच्या काळात मदतकक्ष, प्रयोगशाळेतली मांडामांड, जुन्या कागदपत्रांचे स्कॅनिंग, संकेतस्थळाची देखभाल. या बदलावर दोन्ही बाजूंनी नाराजी होती. श्रमप्रतिष्ठा हरवली असे जुन्या मंडळींना वाटले, आणि कायम लिपिकांची रिक्त पदे भरण्याऐवजी स्वस्तात मुले राबवली जातात, असे विद्यार्थी संघटनांनी म्हटले. दुसरा आक्षेप गंभीर आहे, कारण या विद्यार्थ्यांना कर्मचारी म्हणून कोणतेच संरक्षण नाही. १९६१चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा निदान स्पष्ट सांगतो की शिकाऊ उमेदवार प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि त्या बदल्यात त्याला करार, किमान विद्यावेतन आणि प्रमाणपत्र देतो. ‘कमवा आणि शिका’तला विद्यार्थी कामगारही नाही आणि त्या कायद्याच्या अर्थाने शिकाऊही नाही.

मार्च २०२०मध्ये आवारे बंद झाली तेव्हा याचा अर्थ कळला. तास नाहीत म्हणून मानधन नाही.

आताचा खरा वाद २०२३ सालापासूनचा आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, आराखडा ठरवून दिला. त्यात पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही स्तरांवर ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले. विद्यार्थी त्याला सरळ ओजेटी म्हणतात. चार श्रेयांक, म्हणजे साधारण १२० तासांचे प्रत्यक्ष काम. अट अशी की काम मुख्य विषयाशी निगडित हवे. आदेश आला आणि महाविद्यालयांची धावपळ सुरू झाली. तालुक्याच्या गावी मराठीच्या, इतिहासाच्या, राज्यशास्त्राच्या एवढ्या मुलांना १२० तास कोण घेणार? पतसंस्था, वर्तमानपत्रांची स्थानिक कार्यालये, ओळखीतली दुकाने असे जिथे जमेल तिथे मुले पाठवली गेली. पुष्कळ ठिकाणी पत्र आणि शिक्का मिळाला की ओजेटी झाली असे धरले गेले.

याच महाविद्यालयांत दररोज दोन-तीन तास खरोखर काम करणारी मुले होती. दिवसाला तीन तास धरले तर १२० तास ४० दिवसांत भरतात. वर्षभरात हे विद्यार्थी त्याच्या कितीतरी पट काम करतात. मग हे तास ओजेटी म्हणून का धरू नयेत, असा प्रश्न पुढे आला.

विरोधात तीन मुद्दे मांडले जातात. पहिला विषयाचा. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी ग्रंथालयात काम करते, त्याचा तिच्या विषयाशी संबंध काय? नियमाच्या अक्षराला धरून हा आक्षेप बरोबर आहे. पण तोच नियम पतसंस्थेत पाठवलेल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला लावला तर तोही बसत नाही, आणि त्याला मात्र श्रेयांक मिळतात. शिवाय विभाग नेमताना थोडा विचार केला तर विषय जुळवणे अशक्य नाही. प्राणिशास्त्राची मुलगी संग्रहालयातल्या नमुन्यांची नोंदवही करू शकते, वाणिज्यचा मुलगा लेखा विभागात बसू शकतो, मराठीची विद्यार्थिनी वार्षिकांकाचे मुद्रितशोधन करू शकते. आज नेमणूक होते ती कुठल्या विभागाला माणूस कमी आहे हे पाहून.

दुसरा मुद्दा दुहेरी लाभाचा. पैसेही घ्यायचे आणि श्रेयांकही, हे कसे? हा आक्षेप टिकत नाही. शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदव्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२०मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत विद्यावेतन आणि श्रेयांक दोन्ही एकत्र चालतात. पदवीधर शिकाऊ उमेदवाराला २०१९च्या नियमांनुसार महिन्याला किमान ९,००० रुपये ठरले होते. कंपनीत पैसे घेऊन शिकणारा आदर्श आणि आवारात पैसे घेऊन शिकणारा लाभार्थी, असा भेद करायला काही आधार नाही.

तिसरा मुद्दा मात्र जड आहे. या कामात शिकवणारा कोण? ओजेटीत मार्गदर्शक, नोंदवही, अहवाल आणि मूल्यमापन लागते. आवारातल्या कामावर देखरेख करणारे अधीक्षक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक यांच्याकडे ही जबाबदारी कधी दिलेलीच नाही. त्यांच्यावर आधीच रिक्त पदांचा बोजा आहे, आणि मुलाला काय येऊ लागले ते लिहून ठेवणे हे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. हे तास श्रेयांकात धरायचे असतील तर सुरुवात देखरेख करणाऱ्यांपासून करावी लागेल. नेतृत्वाची शिबिरे विद्यार्थ्यांसाठी भरतात. या मंडळींसाठीही ती भरायला हवीत.

अमेरिकेत हा टप्पा आधी आला होता. तिथे १९६४च्या कायद्याने गरजू विद्यार्थ्यांच्या आवारातल्या कामाला केंद्राचा पैसा मिळू लागला आणि बरीच वर्षे तीही मदतीचीच योजना मानली जाई. २००९च्या सुमारास आयोवा राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठाने साधी पद्धत सुरू केली. देखरेख करणाऱ्याने सत्रात दोनदा विद्यार्थ्याशी थोडा वेळ बोलायचे आणि चार प्रश्न विचारायचे. काम आणि अभ्यास एकमेकांत कसे बसताहेत, इथले काय वर्गात उपयोगी पडते, वर्गातले काय इथे वापरता येते, आणि पुढच्या व्यवसायात यातले काय कामी येईल. पुढे ती पद्धत इतर अनेक विद्यापीठांनी उचलली. खर्च जवळजवळ शून्य. आपल्याकडचे जे विद्यार्थी तिकडे शिकायला जातात त्यांना आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, आणि भांडी घासण्यापासून ग्रंथालयापर्यंतचे ते काम त्यांच्या बायोडेटात अभिमानाने येते. तीच मुले इथल्या ‘कमवा आणि शिका’चा उल्लेख टाळतात. घरची परिस्थिती उघडी पडेल अशी धास्ती त्यामागे असते.

मानधनाचा प्रश्न याला जोडूनच येतो. पुण्यात तासाचा दर ४५ रुपयांवरून ५५ रुपयांवर गेला. ५५ रुपये, रोज तीन तास, महिन्याला २५ दिवस असा हिशेब केला तर ४,१२५ रुपये होतात. कॉट बेसिसचे भाडे आणि मेस दोन्ही त्यात बसत नाही. त्यामुळे विद्यार्थी उरलेल्या वेळात आणखी काम शोधतो, नाहीतर स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका गाठतो. करिअर म्हणजे एमपीएससी हे समीकरण त्याच्या डोक्यात पक्के असते, आणि आवारातले काम त्या समीकरणात कुठेच नसते. त्याला तसे कुणी दाखवलेलेही नसते.

जुलै २०२४मध्ये राज्याने युवकांसाठी कार्यप्रशिक्षण योजना आणली. सहा महिने शासकीय वा खासगी आस्थापनेत काम, बारावी झालेल्यास महिन्याला ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये, शेवटी प्रमाणपत्र. नंतर मुदत वाढवून ११ महिने झाली. शिक्षण चालू असलेल्यांना तिच्यात प्रवेश नाही. त्यामुळे तीन वर्षे विद्यापीठाच्या लेखा विभागात काम केलेला विद्यार्थी पदवी हातात पडल्यावर एखाद्या शासकीय कार्यालयात ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून रुजू होतो, तेव्हा त्याला आवक-जावक नोंदवही कशी लिहायची हे पहिल्यापासून शिकवले जाते. आधीच्या तीन वर्षांचा दाखला मागण्याची तरतूद त्या अर्जात नाही, आणि असती तरी तो देण्याची तरतूद विद्यापीठाकडे नाही.