प्रभुभोजनाचे मेज आणि शिशाचा बिल्ला
येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा ख्रिस्ती विधी म्हणजे प्रभुभोजन. त्यास कोणाला बसू द्यावे, हे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांत पाळक आणि निवडलेले वडील (मंडळीचे ज्येष्ठ कारभारी) मिळून ठरवीत आले आहेत. हा अधिकार त्यांना सहजासहजी मिळाला नाही. 1560 मध्ये धर्मसुधारक कॅल्विन आणि व्हिरे यांनी भोजनास पात्र सभासदांना ओळखीचे बिल्ले देण्याची सूचना जिनिव्हाच्या नगरसभेपुढे मांडली, ती सभेने फेटाळली. फ्रान्समधील ह्यूगनॉट (प्रोटेस्टंट) मंडळ्यांनी मात्र ती पद्धत उचलली. त्याच वर्षी धर्मसुधारक जॉन नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडसाठी जी नियमावली रचली, तिच्यात प्रभूची प्रार्थना व मतांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेची ठरीव कबुली) म्हणता न येणाऱ्याला आणि नियमशास्त्राचे (बायबलमधील देवाच्या आज्ञांचे) सार सांगता न येणाऱ्याला भोजनास घेऊ नये, असे स्पष्ट म्हटले होते.

पुढे स्कॉटलंडमध्ये याची एक ठरलेली रीत बसली. भोजनाआधी पाळक घरोघरी किंवा वस्तीवस्तीत जाऊन प्रश्नोत्तरीतून परीक्षा घेत. कोणाचे भांडण मिटलेले नसेल, कोणी शब्बाथ (रविवारची पवित्र विश्रांती) मोडला असेल किंवा व्यभिचाराचा बोभाटा झाला असेल, तर वडिलांच्या सभेपुढे त्याचा निकाल आधी लागे. आणि परगावाहून आलेल्याला आपल्या मंडळीचा दाखला दाखवावा लागे. जे यातून पार पडत त्यांना, बहुधा शनिवारच्या तयारीच्या उपासनेनंतर, शिशाचा छोटा बिल्ला मिळे. त्यावर गावाची किंवा पाळकाची आद्याक्षरे आणि साल असे. पुष्कळ बिल्ल्यांवर, माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी असे सांगणाऱ्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील वचनाचा निर्देशही सापडतो. ज्याची परीक्षा वडिलांनी आधीच घेतली त्याच्याच हाती हे वचन ठेवावे, यातला विरोधाभास त्या काळच्या लोकांना बहुधा खटकत नसावा. रविवारी पांढरे कापड अंथरलेल्या लांब मेजांशी लोक बसले की वडील हे बिल्ले गोळा करीत.

इंग्लंडच्या पार्लमेंटने चर्चच्या सुधारणेसाठी बोलावलेल्या, लंडनच्या वेस्टमिन्स्टर सभेतही हाच वाद पेटला. अज्ञानी आणि उघड पापात असलेल्यांना मेजापासून दूर ठेवावे, याबद्दल फारसे दुमत नव्हते; पण शेवटचा शब्द मंडळीचा की पार्लमेंटचा, यावर 1645-46 मध्ये तीव्र संघर्ष झाला आणि पार्लमेंटने आपला वरचष्मा सोडला नाही.

1843 मध्ये स्कॉटिश चर्च फुटले, तेव्हा वेगळ्या झालेल्या फ्री चर्चच्या मंडळ्यांनी तेच साल घातलेले नवे बिल्ले ओतवून घेतले. मुंबईतले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनही याच फ्री चर्चमध्ये गेले. एकोणिसाव्या शतकात बिल्ल्यांची जागा हळूहळू छापील कार्डांनी घेतली. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात मात्र बिल्ल्यापेक्षा प्रवचनाचा धाक मोठा ठरला. मेजापुढे उभे राहून पाळक अपात्रांची वर्णने इतक्या कडक शब्दांत करीत की आयुष्यभर नेमाने उपासनेला येणारी कित्येक माणसे स्वतःहूनच मागे राहत, आणि तिथे भोजन घेणाऱ्यांची संख्या उपस्थितांच्या मानाने फारच थोडी असे.