कॉमिकच्या पानावरच्या त्या आयतांचा इतिहास

क्लिप स्टुडिओ पेंट या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉमिकची नवी फाइल उघडली की कोऱ्या पानावर फिकट रेषांचे एकात एक बसवलेले आयत दिसतात. नवशिके बहुतेक वेळा त्यांच्याकडे काणाडोळा करतात, थेट चौकटी आखायला घेतात आणि मग छापून आलेल्या अंकात कडेचे संवाद कापलेले सापडतात. हे आयत संगणकापेक्षा खूप जुने आहेत आणि प्रत्येकामागे छापखान्यातलं एकेक कारण आहे.

जपानमध्ये व्यावसायिक मांगा, म्हणजे तिथली कॉमिक्स, ज्या कागदावर काढतात तो बी४ मापाचा, म्हणजे २५७ × ३६४ मिमी. त्यावर रेषा आधीच छापलेल्या असतात. आतला आयत १८० × २७० मिमीचा. चौकटी आणि महत्त्वाचे संवाद त्याच्या आत ठेवायचे. त्याबाहेरचा २२० × ३१० मिमीचा आयत म्हणजे पान जिथे कापलं जाणार ती रेषा. त्याच्याही पलीकडे ब्लीड, म्हणजे कापून जाणारा, पण चित्राने भरायचा जादा भाग. गठ्ठा कापताना पातं थोडं इकडेतिकडे सरकतंच, त्यामुळे चित्र कापायच्या रेषेवरच थांबवलं तर कडेला पांढरी पट्टी उरते.

मांगा ज्यात छापून येतात त्या साप्ताहिकाचं पान मात्र बी५, म्हणजे १८२ × २५७ मिमी. चित्र मोठं काढायचं आणि छापताना सुमारे ८३ टक्क्यांवर आणायचं, ही पद्धत. लहान होताना हाताचा कंप झाकला जातो, रेघ नेटकी दिसते. अमेरिकेतही हेच चाले. तिथे मूळ चित्र छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट मापाचं असे. १९६७च्या सुमारास ते ११ × १७ इंची कागदावर १० × १५ इंचांपर्यंत आलं आणि पुढे तेच रूढ झालं.

रेषांच्या फिकट निळ्या रंगालाही कारण आहे. छपाईसाठी पानाचा फोटो ज्या फिल्मवर घेत, तिला निळा आणि पांढरा जवळपास सारखेच दिसत. म्हणून निळ्या पेन्सिलीचं कच्चं काम न खोडताही छपाईत उतरत नसे. आज पडद्यावरच्या त्या आयतांबाबतही हेच घडतं: एक्स्पोर्ट करताना आपण मुद्दाम मागितले नाहीत तर ते चित्रात येत नाहीत.

संगणकावर कॉमिक करायची सुरुवात मात्र या वारशाशिवाय झाली. १९८५ साली माइक सेंझ यांनी ‘शॅटर’ हे कॉमिक मॅकिंटॉश संगणकावर माउसने काढलं. त्यावरच्या मॅकपेंट या चित्रकलेच्या प्रोग्रॅमचं पान ५७६ × ७२० पिक्सेलचं, तर अख्खा पडदा ५१२ × ३४२चा. म्हणजे पूर्ण पान एका वेळी नजरेसमोर येतच नसे. कॉमिकची मांडणी ही सगळं पान एकदम पाहूनच करायची गोष्ट आहे, त्यामुळे त्या कामामागच्या जिद्दीचं मला आजही नवल वाटतं.

टोकियोच्या सेल्सिस कंपनीने २००१ साली ‘कॉमिक स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर आणलं, आणि माझ्या मते खरं वळण तिथे आलं. त्यांनी मांगाचा कागद, टोन (छटा दाखवणारे ठिपक्यांचे तयार नमुने) आणि मोजपट्टी या सगळ्यासकट चित्रकाराचं टेबलच संगणकात नेलं. काळ्या-पांढऱ्या पानासाठी ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) ठेवण्याचा प्रघातही छपाईच्याच गरजेतून आलेला. शुद्ध काळ्या रेघेची कड मऊ करायला मधली राखाडी छटा नसते, आणि टोनचे बारीक ठिपके तुटले तर पानभर नको ती नक्षी उमटते. २०१२मध्ये आलेल्या, त्याच कंपनीच्या क्लिप स्टुडिओ पेंटने हा सगळा वारसा पुढे नेला.

त्यात आतल्या आयताएवढी एकच चौकट घ्यायची आणि तिच्यावर आडवी-उभी रेघ ओढून तिचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याचा वेगळा फोल्डर होतो आणि चित्र त्याबाहेर सांडत नाही. दोन ओळींमधली जागा आणि शेजारच्या चौकटींमधली जागा वेगवेगळी ठरवता येते. मांगात ओळींमधली जागा जास्त ठेवतात, म्हणजे डोळा आधी आडवी ओळ संपवतो आणि मगच खाली उतरतो. मराठी कॉमिकलाही हा नियम तंतोतंत लागू पडतो. तयार मापं मात्र जपानी साप्ताहिकांची आहेत. आपली पुस्तिका ए५ किंवा ए४ असेल तर कापल्यानंतरचं माप आधी भरावं, ब्लीड किती हवं ते छापखान्याला विचारावं आणि बाइंडिंग डावीकडे ठेवावं. अनेक पानांची फाइल क्लिप स्टुडिओ पेंटच्या ‘ईएक्स’ या वरच्या आवृत्तीतच करता येते. क्रिटा या मोफत मिळणाऱ्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये युरोपीय, अमेरिकी आणि जपानी असे तिन्ही धर्तींचे साचे आहेत.

फोनवर खाली सरकवत वाचायच्या कोरियन वेबटूनने कागदच काढून टाकला. वेबटून याच नावाच्या संकेतस्थळाच्या ‘कॅनव्हास’ या, कुणालाही आपलं कॉमिक टाकता येणाऱ्या विभागात चित्रं ८०० × १२८० पिक्सेलच्या तुकड्यांत चढवतात. कापणारं पातं नाही, म्हणून ब्लीड नाही. समोरासमोरची पानं नाहीत, म्हणून बाइंडिंगही नाही. दोन चौकटींमधली उभी मोकळी जागा हवी तेवढी ताणता येते आणि वाचकाला किती वेळ थांबवायचं ते तिच्यावरून ठरतं. या उभ्या पट्टीवर क्लिप स्टुडिओ आता एक नवा आयत दाखवू शकतं: फोनच्या पडद्यावर एका वेळी किती भाग दिसेल, त्याचा.