घोड्याचे रिंगण, वाघाचा पिंजरा आणि गोव्याचा बँड

पावसाळा सरला की गोव्यात जत्रा आणि फेस्तांचे दिवस सुरू होतात. पूर्वी त्याच दिवसांत मडगाव, फोंडा, म्हापसा, पणजीच्या मोकळ्या जागांवर सर्कशीचा तंबू उभा राहायचा. भर पावसात कापडाचा तंबू टिकत नाही आणि चिखलात हत्ती-घोडे खेळवता येत नाहीत, म्हणून हंगाम जुळायचा. आत शिरल्यावर एकामागून एक काय काय यायचे: घोडे, झुले, तारेवरची छत्रीवाली मुलगी, एकाच सायकलवर सात-आठ जण, वाघ-सिंह, छातीवर हत्ती घेणारा पैलवान आणि मध्येमध्ये धडपडणारे विदूषक. हाताला लागेल ते सगळे आणून एकत्र ओतले आहे, असे वाटायचे. तसे ते नव्हते. प्रत्येक खेळ वेगळ्या काळी, वेगळ्या वाटेने तंबूत शिरला आणि कोणाच्या मागे कोणी यायचे हेही गरजेतूनच ठरले.

सगळ्यांत आधीचा मान घोड्याचा. फिलिप ॲस्टली या घोडदळातल्या माजी सैनिकाने 1768 साली लंडनमध्ये घोड्यावरच्या कसरती दाखवायला सुरुवात केली. घोडा गोलाकार धावू लागला की स्वार किंचित आत झुकतो आणि पळत्या पाठीवर उभे राहणे त्याला जमते. पुढे रिंगणाचे माप 42 फूट व्यासाचे ठरले, ते या घोड्यासाठी. नंतर वाघ आले, मोटारसायकली आल्या, तरी माप घोड्याचेच राहिले! घोडे बदलताना प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून ॲस्टलीने दोरीवर चालणारे, कोलांट्या मारणारे आणि हसवणारे लोक मध्ये घातले. विदूषकाचा जन्म असा रिकामी वेळ भरण्यासाठी झाला.

झुला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आला. ज्यूल लेओतार या फ्रेंच तरुणाने 1859 मध्ये पॅरिसला एका झुल्यावरून दुसऱ्यावर झेप घेतली. खाली जाळे नव्हते, नुसत्या गाद्या होत्या.

हे सगळे मराठी मुलखात आणले विष्णुपंत छत्र्यांनी. संस्थानिकांच्या पागेत घोडे शिकवणारा हा माणूस. चियारिनी या इटालियन मालकाची सर्कस मुंबईला आली होती. हिंदुस्थानी माणसाला हे जमायला अवकाश आहे, असे तो म्हणाला आणि छत्र्यांनी ते मनावर घेतले, असे सांगतात. पैजेची ही गोष्ट प्रत्येक सांगणाऱ्यागणिक थोडी फुगते. खरे एवढे, की 1880 मध्ये छत्र्यांची सर्कस उभी राहिली आणि तिचा कणाही घोडेच होते. मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट अधिक आवडते. गाणे शिकण्यासाठी छत्रे ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे राहिले होते. पुढे हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांना त्यांनी आपल्याजवळ ठेवले आणि सांभाळले. वाघ-घोड्यांच्या मालकाच्या पदरी असा ख्यालगायक! गाण्यासाठी रात्र-रात्र जागणाऱ्या गोवेकराला यात नवल वाटू नये.

मग देवल, कार्लेकर, शेलार यांच्या मराठी सर्कशी निघाल्या. खेळाला लागणारी माणसे परदेशातून आणायची गरज नव्हती. दोरीवर चालणारे डोंबारी-कोल्हाटी गावोगाव होतेच. केरळात तलश्शेरीला कीलेरी कुञ्ञिकण्णन कसरत आणि कळरीपयट्टू ही तिकडची युद्धकला शिकवत. छत्र्यांची गाठ पडल्यानंतर ते सर्कशीकडे वळले आणि 1901 मध्ये त्यांनी सर्कशीची शाळाच काढली. झुल्यावरची मुले पुढे बहुतेक तिकडचीच दिसू लागली, ती यामुळे. शक्तीच्या खेळांना दबदबा मिळाला तो आंध्रच्या कोडी राममूर्तींमुळे. ते छातीभोवतीची साखळी तोडत आणि छातीवर फळी ठेवून तिच्यावरून हत्ती चालवत.

आता क्रमाकडे वळू. झुल्याच्या खेळाला उंच जाळे बांधावे लागते, वाघासाठी रिंगणाभोवती गजांचा पिंजरा जोडावा लागतो. ही कामे चालू असताना लोकांचे डोळे दुसरीकडे हवेत. त्यासाठी विदूषक. तियात्र म्हणजे गोव्याचे कोकणी संगीत नाटक बघणाऱ्याला ही युक्ती ओळखीची वाटेल. पडद्यामागे सामान हलते तेव्हा पुढे येऊन कांतार, म्हणजे गाणे, म्हणायचे, ज्याचा मूळ कथेशी काही संबंध नसतो. आणि गंमत म्हणजे 1892 मध्ये मुंबईत पहिला तियात्र झाला, त्यालाही स्फूर्ती इटालियन ऑपेरा मंडळींच्या खेळाचीच होती. विदूषक मात्र नुसता वेळ काढणारा नसे. झुल्यावरून मुद्दाम चुकून जाळ्यात पडणारा ढगळ विजारीतला गडी बहुधा मुरलेला कसरतपटूच असायचा. नीट पडायला आधी नीट झेलता यावे लागते.

वाघ-सिंह आता गेले. 1998 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ बंद केले आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. पिंजऱ्यातले जनावरांचे हाल ज्यांनी जवळून पाहिले, त्यांना वाईट वाटले नसावे. कार्यक्रमाला मात्र मोठे भगदाड पडले आणि ते सायकली, जगलिंग व परदेशी कसरतपटूंनी भरावे लागले.

गोव्याचा वाटा होता तो रिंगणाबाहेर, बँडच्या मचाणावर. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्या विद्येवर गोव्याचे वादक संस्थानिकांच्या बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरांत आणि सर्कशीतही नोकरीला लागले. सर्कशीतले वाजवणे सोपे नसते. घोडा ठेक्यावर धावत नाही, ठेक्याला घोड्यामागे धावावे लागते. झुलेवाला हात सोडतो त्या क्षणी ढोल घुमायला हवा, त्याने झेल घेतला की झांज. एखादा निसटून पडला तर बँड थांबवायचा नाही, उलट जोरात वाजवायचा, म्हणजे विदूषक धावत येतात आणि लोक जागचे उठत नाहीत. समोर नोटेशनचा कागद असला तरी वादकाची नजर वर, झुल्याकडे लागलेली.