कमरेला बांधलेलं की पेटीत बंद? दुचाकीवर परवान्याचं हत्यार नेण्याच्या दोन रीती

परवान्याचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेऊन दुचाकीवर निघायचं असेल तर दोन रीती आहेत. पहिली म्हणजे भरलेलं हत्यार होल्स्टरमध्ये, म्हणजे हत्याराच्या म्यानात घालून, कपड्याखाली झाकून अंगावर बांधणं. हे स्वसंरक्षणासाठी. दुसरी म्हणजे हत्यार पूर्ण रिकामं करून, काडतुसं वेगळी ठेवून, कुलूपबंद पेटीतून एका जागेहून दुसऱ्या जागी पोचवणं. डीलरकडे दुरुस्तीला, तपासणीला, नेमबाजीच्या रेंजवर किंवा निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा करायला जाताना ही रीत.

बेळगाव, खानापूर, निपाणी, कागवाड भागात बहुतेकांच्या हातून घडतं ते या दोन्हींचं मिश्रण. भरलेलं रिव्हॉल्व्हर टाकीवरच्या बॅगेत, स्कूटरच्या डिकीत, बुलेटच्या बाजूच्या पेटीत किंवा जॅकेटच्या खिशात. ते हाताशी नसतं, त्यामुळे प्रसंगी कामाला येत नाही. रिकामंही नसतं, त्यामुळे सुरक्षित नाही. म्हणून घराबाहेर पडण्याआधी कोणती रीत ते ठरवावं आणि ती शेवटपर्यंत पाळावी. अर्ध्या रस्त्यात, धाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर रीत बदलू नये. चुकून गोळी सुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो हत्यार हाताळताना, आणि रस्त्याच्या कडेला नळी कुठे धरावी अशी सुरक्षित दिशाच सापडत नाही.

कायदा दोन्हींकडे कसा बघतो

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर ती त्यासाठी बनवलेल्या, अंगाला जोडलेल्या होल्स्टरमध्ये हवी किंवा पाठपिशवीसारख्या साधनात हवी. ती पूर्ण झाकलेली हवी आणि नेणाऱ्याचा तिच्यावर परिणामकारक ताबा हवा. डिकी आणि बाजूची पेटी नापास होतात ती या शेवटच्या अटीवर. गाडी स्टँडला लावून तुम्ही चहा प्यायला आत गेलात की ताबा संपला. डिकीचं कुलूप साध्या पान्यानेही उघडतं.

सीमाभागातला सर्वांत महागडा गैरसमज मात्र वेगळाच आहे: ‘हत्यार रिकामं आहे, पेटीत आहे, मग हद्दीचा प्रश्न येत नाही.’ येतो. परवान्यावर तो कुठे चालतो ते क्षेत्र लिहिलेलं असतं. जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. ते क्षेत्र भरलेल्या आणि रिकाम्या हत्याराला सारखंच लागू आहे. कर्नाटकापुरता परवाना असेल तर हिंडलगा, उचगाव फाटा, बाची करत शिनोळीत शिरताच तुम्ही चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात आणि परवान्याच्या बाहेर. निपाणीकडून कोगनोळी ओलांडून कागलला, संकेश्वरहून गडहिंग्लजला, कागवाडहून म्हैसाळमार्गे मिरजेला आणि चोर्ला घाटातून गोव्यात जातानाही तेच. बाजार, सोयरीक आणि शेती दोन्हीकडे असलेल्या माणसाला ही रेघ दिवसभरात चार वेळा ओलांडावी लागते आणि ओलांडल्याचं जाणवतही नाही. परवान्याला मात्र ती रेघ पक्की आहे.

शर्त मोडल्यास शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रकरण विनापरवाना बाळगण्याच्या कलमाखाली गेलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान २ वर्षं आणि ५ वर्षांपर्यंत आहे. पलीकडे नियमित जाणं असेल तर क्षेत्र वाढवून घेण्याचा अर्ज करावा. बेळगाव शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस. मंजुरी मिळून परवान्यावर नोंद होईपर्यंत हत्यार घरी. अर्जाची पोच म्हणजे परवानगी नव्हे.

याच संदर्भात कोडगूचा (कूर्गचा) दाखला हमखास दिला जातो. कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत, जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे हे खरं, पण ती त्यांच्यापुरती. ‘कर्नाटकात चालतं’ असा तिचा अर्थ बेळगावात काढू नये.

अंगावर बांधून नेताना

दुचाकीवर बसण्याची ढब, वारा आणि पडण्याची शक्यता या तीन गोष्टी सगळं बदलतात. चारचाकीत बरा वाटणारा होल्स्टर गाडीवर घातक ठरू शकतो.

पोटापुढे बांधलेलं हत्यार पुढे वाकलं की मांडीच्या सांध्यात रुततं. नळीचं तोंड थेट मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे होतं, आणि समोरून धडक बसली तर टाकी आणि पोट यांच्यामध्ये लोखंडाचा तुकडा असतो. पाठीच्या कण्यावर बांधलेलं हत्यार पाठीवर पडलात की मणक्यावर घाव घालतं. घोट्याला बांधलं तर एका पायाला गिअर, दुसऱ्याला ब्रेक, जवळच इंजिनची उष्णता आणि पावसाळ्यात चिखल. खांद्याच्या आडव्या होल्स्टरमध्ये तर नळी मागे वळलेली असते, म्हणजे मागे बसलेल्या माणसाच्या छातीवर रोखलेली. आपल्याकडे मागची सीट क्वचितच रिकामी असते, त्यामुळे तो प्रकार दुचाकीवर वापरूच नये.

उरतो कमरेचा उजवा भाग, नितंबाच्या हाडाच्या किंचित मागे. हाडावर नेमका बांधू नये, कारण कुशीवर पडल्यावर पहिला मार तिथेच बसतो. चार बोटं मागे सरकवला की वाकूनही टोचत नाही. इथे तीन गोष्टी बघाव्यात. पट्टा जाड आणि ताठ हवा, साधारण ३८ मिलिमीटर रुंद. रोजचा मऊ पट्टा वजनाने खाली ओघळतो. होल्स्टर कडक साहित्याचा हवा, चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकणारा, वरून अडकवायची पट्टी असलेला. कापडी सैल होल्स्टर बाहेरून दाबला की चाप दाबला जाऊ शकतो. आणि जॅकेट पट्ट्याच्या खाली वीतभर येणारं, चेन लावलेलं हवं. उघडा शर्ट वाऱ्याने फडफडून वर चढतो आणि महामार्गावर मागून येणाऱ्या प्रत्येकाला मूठ दिसते. मग ‘पूर्ण झाकलेलं’ ही अट मोडलीच.

जॅकेटचा किंवा पँटचा खिसा कधीच नको. किल्ली, मोबाइल, सुटे पैसे यांच्यातलं काहीही चापाच्या कडीत शिरू शकतं.

खड्ड्यांचे हादरे आणि सिंगल सिलिंडर बुलेटचं कंपन होल्स्टरचे स्क्रू ढिले करतं. आठवड्यातून एकदा ते आवळून बघावेत. मधून मोडणारं, म्हणजे नळी खाली वाकवून उघडायचं रिव्हॉल्व्हर असेल तर निघण्यापूर्वी वरची खीळ नीट बसली आहे ना ते बोटाने दाबून पाहावं. ती अर्धवट राहिली तर काढताना हत्यार उघडून काडतुसं रस्त्यावर.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल: इथे दोन्ही रीतींत फरक पडतो

आपल्याकडे दोन्हींना सर्रास पिस्तूल म्हणतात. बोलताना चालून जातं. रिकामं करताना नाही.

रिव्हॉल्व्हर रिकामं करणं डोळ्यांना दिसतं. सिलिंडर (काडतुसं बसतात ती फिरती चकरी) उघडा, काडतुसं हातात काढा, सगळी भोकं आरपार बघा. सरकारी कारखान्याचं नेहमीचं .३२ रिव्हॉल्व्हर मधून मोडतं. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबळ’ रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर बाजूला उघडतो. दोन्हींत सहा भोकं. रिव्हॉल्व्हर जुनं असेल आणि घोड्याला (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या मागच्या भागाला) आतून अडवणारा सुरक्षेचा भाग त्यात आहे याची खात्री नसेल, तर अंगावर नेताना घोड्याखालचं भोक रिकामं ठेवून पाचच काडतुसं भरावीत. गाडीवरून पडताना घोड्यावर बसलेला मार अशा हत्यारात थेट काडतुसावर पोचतो.

पिस्तुलात क्रम जिवाचा असतो. आधी मॅगझिन (मुठीतला काडतुसांचा साठा) बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) रिकामा, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघणं आणि करंगळीने चाचपणं. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढलं, तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली नवी गोळी आत जाते. हातात मॅगझिन आहे म्हणून माणूस निर्धास्त, आणि हत्यार भरलेलं. ठाण्यात किंवा दुकानात हत्यार देताना चुकून गोळी सुटण्याचं हे ठरलेलं कारण आहे. अंगावर नेतानाही जुन्या बनावटीच्या पिस्तुलाचा चेंबर रिकामाच ठेवावा.

काडतुसांचाही घोळ होतो. रिव्हॉल्व्हरही .३२ आणि पिस्तूलही .३२, पण काडतूस एक नाही. रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, त्याची पितळी नळी २३ मिलिमीटरची आणि बुडाला ठळक कड. पिस्तुलाचं .३२ एसीपी, पितळी नळी १७ मिलिमीटरची आणि कड नावापुरती. आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या भोकात उतरतं, म्हणून ‘चालतंय’ असं वाटतं. त्याचा दाब वेगळा आहे, आणि मधून मोडणाऱ्या जुन्या सांगाड्यावर तो टाकू नये. दुकानात खोका घेताना बुडावरचा शिक्का वाचावा. आकडा बघून भागत नाही.

पेटीतून पोचवताना

घरीच, भिंतीच्या मजबूत कोपऱ्याकडे नळी करून हत्यार रिकामं करावं. पेटी कडक कवचाची, आत फोम असलेली, कुलपाची. काडतुसं दुसऱ्या छोट्या डबीत, मोजून. परवान्यावर जेवढी नोंद आहे त्यापेक्षा एकही जास्त नको. पेटी पाठपिशवीत तळाशी, दोन्ही पट्टे खांद्यावर, छातीवरची पट्टी लावलेली. एका खांद्यावर लटकवलेली पिशवी वळणावर सरकते आणि तोल घालवते. काडतुसांची डबी सायलेन्सरजवळच्या पेटीत ठेवू नये, तिथली उष्णता तिला चांगली नाही.

पिशवी मागे बसलेल्याच्या पाठीवर द्यायची का? अधिनियमाच्या कलम ३ मध्ये सवलत आहे: परवानाधारकाच्या हजेरीत किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसरा माणूस हत्यार नेऊ शकतो, पण दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्याच वापरासाठी. तेवढ्यापुरतंच ते आहे. मुलाला किंवा गड्याला पिशवी देऊन एकट्याला पाठवायची सवय लावू नये. पाठवायचंच झालं तर कारण, तारीख आणि हत्याराचा क्रमांक लिहिलेलं सहीचं पत्र त्याच्याजवळ हवं.

जमा करायला जाताना दोन्ही राज्यांचं वेळापत्रक ध्यानात ठेवावं. कर्नाटकाची विधानसभा निवडणूक मे २०२३ मध्ये झाली, महाराष्ट्राची नोव्हेंबर २०२४ मध्ये. आपल्याकडे आचारसंहिता नसतानाही पलीकडे असू शकते, आणि तेव्हा तिथले नाके कडक असतात. बेळगावात सुवर्णसौधातलं कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव) आणि गणेश विसर्जन या काळात जमावबंदीचे आदेश निघाले तर त्यांत शस्त्रांबद्दल काय लिहिलंय ते वाचूनच बाहेर पडावं. जमा केल्यावर पावतीवर हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या दोन्ही आहेत ना, ते काउंटर सोडण्याआधी तपासावं.

नाक्यावर थांबवलं तर

शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे पोलीस अधिकारी शस्त्र नेणाऱ्याकडे परवाना मागू शकतो. गाडी बंद, हेल्मेटची काच वर, दोन्ही हात हँडलवर. आणि पहिलं वाक्य तुमचं असावं: ‘साहेब, माझ्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, उजव्या कमरेला आहे, परवाना डाव्या खिशात आहे.’ कन्नड अधिकारी असेल तर ‘सर, नन्न हत्तिर लायसन्स इरुव रिव्हॉल्व्हर इदे’. मराठी-कन्नडचा वाद घालायची ही जागा मुळीच नाही. परवाना हत्याराच्या विरुद्ध बाजूच्या खिशात ठेवण्याचं कारण हेच, की कागद काढताना हात हत्याराकडे जाताना दिसू नये. हत्यार स्वतःहून काढून दाखवू नये. ते कसं आणि कुणी काढायचं हे अधिकाऱ्याला सांगू द्यावं. पेटीतलं असेल तर पेटी कुलपासकट द्यावी, किल्ली वेगळी.

पावसाळा

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात जूनपासून रेनकोटच्या आतही पाणी शिरतं. कातडी होल्स्टर ओलावा धरून ठेवतो आणि तो ओलावा पोलादाला चिकटून राहतो. घरी आल्यावर हत्यार रिकामं करून होल्स्टरमधून बाहेर काढावं. होल्स्टर सावलीत वाळवावा, शेगडीजवळ नको, कातडं आखडतं आणि मग हत्यार त्यात अडकतं. नळी आतून कोरड्या कापडाने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. भिजलेली काडतुसं पुसून वेगळी ठेवावीत आणि पुन्हा अंगावर भरू नयेत. तेल काडतुसांना लागू देऊ नये, कारण ते बुडाच्या टोपीतून आत झिरपलं तर काडतूस फुसकं निघतं. एप्रिल-मेच्या घामाचंही तसंच: त्यातलं मीठ मुठीलगतचं लोखंड आधी खातं, म्हणून उन्हाळ्यातही हा पुसण्याचा क्रम सुटू नये.