गुणगुणणारं घड्याळ: बुलोव्हाचं ॲक्युट्रॉन

सेकंद काटा टकटक उडत असेल तर आत सेल, आणि सलग सरकत असेल तर चावीचं किंवा ऑटोमॅटिक, असं घड्याळवेडी मंडळी छातीठोकपणे सांगतात. ढोबळमानाने ठीक आहे, पण १९६० साली न्यूयॉर्कच्या बुलोव्हा कंपनीने ॲक्युट्रॉन नावाचं जे घड्याळ आणलं त्यात सेल होता आणि तरी काटा कुठल्याही चावीच्या घड्याळापेक्षा गुळगुळीत सरकायचा. टिकटिक तर नाहीच, कानाला लावलं की नुसती गुणगुण!

कंपनी तशी जुनी. बोहेमियातून आलेल्या जोसेफ बुलोव्हाने १८७५ मध्ये न्यूयॉर्कात दागिन्यांचं छोटं दुकान टाकलं, पुढे घड्याळं आली. जाहिरातीतही पुढे, १ जुलै १९४१ ला अमेरिकेतली पहिली अधिकृत टीव्ही जाहिरात यांचीच, बेसबॉलच्या मॅचआधी, खर्च फक्त ९ डॉलर.

पण मला बोलायचंय ते आतल्या यंत्राबद्दल. चावीच्या घड्याळात बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं छोटं चाक असतं, ते सेकंदाला साधारण पाच ठोके देतं, त्याला धुरा आहे, धुऱ्याला घर्षण आहे, तेल सुकलं की चाल बिघडते. मॅक्स हेत्झेल या स्विस इंजिनिअरने हे चाकच काढून टाकलं आणि तिथे शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा बसवला, अर्थात इवलासा. वारंवारिता ३६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३६० कंपनं. दोन्ही टोकांना चुंबक, त्यांच्या आत तारेची वेटोळी. चुंबक हलला की वेटोळ्यात किंचित व्होल्टेज तयार होतं, त्याने ट्रान्झिस्टर, म्हणजे इवलासा इलेक्ट्रॉनिक स्विच, चालू होतो आणि बरोबर त्याच क्षणी सेलमधून एक बारीक धक्का मिळतो, म्हणजे झोक्याला नेमक्या वेळी ढकलावं तसं. त्यामुळे नादकाटा थांबतच नाही.

आता या थरथरीतून काटे कसे फिरवायचे? नादकाट्याच्या एका बाजूला बारीक स्प्रिंग, तिच्या टोकाला माणकाचा कण. तो एका चाकाचा एकेक दात पुढे ढकलतो, दुसरा तसाच कण चाकाला मागे येऊ देत नाही. चाकाचा व्यास सुमारे २.४ मिमी आणि दात ३००! म्हणजे दोन दातांमधलं अंतर ०.०२५ मिमी, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. दिवसाला असे ३ कोटी ११ लाख धक्के. कंपनं थोडी लहानमोठी झाली तरी दर कंपनाला दात एकच सरकेल अशी मांडणी आहे, आणि मला विचाराल तर खरी कमाल हीच. एक गंमत म्हणजे नादकाट्याची टोकं खाली करून धरलं तर लंबकासारखी गुरुत्वाकर्षणाची भर पडते आणि घड्याळ किंचित पुढे जातं, टोकं वर केली तर मागे. तरी महिन्याला एका मिनिटाच्या आत फरक राहील अशी कंपनीची हमी होती.

(३६० हर्ट्झच्या गुणगुणीने मन शांत होतं असं कुणी विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. अमुक हर्ट्झने चक्रं उघडतात म्हणणारे आधीच पुष्कळ झालेत.)

मग संपलं कसं? २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत सेकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ काढलं. क्वार्ट्झचा स्फटिक नादकाट्यापेक्षा कितीतरी पटीने जलद थरथरतो, आजच्या साध्या घड्याळात ३२,७६८ हर्ट्झ, आणि ते बनवणं पुढे इतकं स्वस्त झालं की सत्तरच्या दशकातच नादकाट्याचा धंदा आटोपला. ज्या जपानी सिटिझन कंपनीने बुलोव्हाबरोबर भागीदारीत नादकाट्याची घड्याळं बनवली होती, तिनेच २००८ मध्ये अख्खी बुलोव्हा विकत घेतली.

जुनं ॲक्युट्रॉन हाती लागलंच तर सेल जपून टाका. ते पाऱ्याच्या साधारण १.३५ व्होल्ट सेलसाठी बनवलेलं, तो आता मिळत नाही, आणि १.५५ व्होल्टचा सेल तसाच घातला तर कंपनं इतकी वाढू शकतात की एका धक्क्यात एकाऐवजी जादा दात सरकतात आणि घड्याळ वेड्यासारखं पुढे धावतं. जाणकार कारागिराकडून आधी ॲडजस्ट करून घ्यावं लागतं.